टाकीच्या पोटातली लाख

इब्राहिमसाहेब. उस्मानाबादेकडच्या वाशीच्या जनावरांच्या दवाखान्यातले सलोत्री, म्हणजे गुरांचे डॉक्टर. आईवडिलांच्या उपकारांची फेड होत नसते आणि ते ती मागतही नाहीत. त्यांच्याखेरीज मी ज्यांचा सर्वांत अधिक ऋणी आहे ते हे गृहस्थ. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलेलं नव्हतं. मी ते पाहिलं, आत गेलो, पदवी घेऊन बाहेर आलो. या सगळ्यामागे साहेबांच्या दवाखान्याचा ओटा, त्यांचा कंदील आणि त्यांच्या तोंडचा एक शब्द आहे. तो शब्द ऐकताना मला गोड लागला नव्हता.

यंदा पावसाळा तोंडावर आला आणि आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या गॅरेजातून एक आवाज येऊ लागला. खळ्ळ, खळ्ळ, खळाळ. मी दाढी करत होतो, वस्तरा तसाच धरून बाहेर आलो. गॅरेजवाल्याने मोटारसायकलची टाकी उतरवून तिच्यात मूठभर जुने नट टाकले होते आणि बाळाला खेळवावं तशी तो ती हलवत होता.

"गंज काढतोय काका," तो म्हणाला. "पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवली की तिला आतून घाम येतो. वरून रंग बघा, कसा आरसा. आत बघाल तर सगळं पोखरलेलं."

मग म्हणाला, "आता आतून औषध फिरवणार. एकदा थर बसला की गंजाची बातच नको."

"कसलं पेट्रोल भरता त्याची चौकशी करा आधी," मी म्हणालो.

तो हसला. म्हातारं माणूस काहीतरी बोलतं, असं ते हसणं होतं. मी तोंडाला साबण लागलेला तसाच घरी परतलो. पण कानातला आवाज गेला नाही. त्याच्या टाकीत नट होते. आमच्या टाकीत ओढ्यातले खडे होते, आणि ते निजामी अमलाचं शेवटचं वर्ष होतं.

त्या वर्षाबद्दल पुष्कळ बोललं जातं. शौर्याचं बोललं जातं, हालअपेष्टांचं बोललं जातं. मला विचाराल तर ते वर्ष मला एका सवयीने आठवतं. लोक रस्त्याकडे पाठ करून बसेनासे झाले होते. पारावर, दुकानाच्या फळीवर, अगदी देवळातसुद्धा माणूस भिंत शोधायचा आणि पाठ तिला लावायचा. पलीकडे बार्शीचा मुलूख, तिथे स्वराज्य आलेलं. अलीकडे आम्ही. मधे ओढे, बाभळी आणि नाके. नव्या भिकाऱ्याला भाकरी वाढताना बायका त्याच्या पायांकडे बघत. भेगा नसल्या की हा हेर म्हणून चुलीपाशी कुजबुज. पोस्टमन पत्र देऊन गेला की ते आधी उलटून, उन्हात धरून बघायचं. कुत्रं भुंकलं तर कुणावर, आणि न भुंकलं तर का नाही, याचीही चर्चा होई. रझाकार या बाजूने येत, सरहद्दीवरच्या कॅम्पातली, निजामाविरुद्ध लढणारी पोरं त्या बाजूने. मधल्या गावांना दोघांचीही भीती. त्याहून जास्त भीती शेजाऱ्याची, कारण तो कुणाला काय सांगेल याचा नेम नव्हता.

आमच्या घराला ही भीती जरा जास्त होती. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, कासार होते. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन ते गावोगाव फिरत. काचेचा माल बार्शीहून आणत, लाखेच्या बांगड्या घरीच करत. कासाराला कुणाच्याही घरात आतपर्यंत जाता येतं. बायकांचा हात त्याच्या हातात असतो, पण त्याच्याकडे कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो मान. त्या वर्षी मात्र तोच मान अंगावर आला. सगळ्या घरांत जाणारा, सरहद्द ओलांडणारा माणूस काय काय नेत-आणत असेल! नाक्यावरच्या शिपायाने एकदा त्यांच्या पेटीतल्या हिरव्या बांगड्यांचा आख्खा तोडा फोडून बघितला. आत काय सापडणार होतं? काच ती.

आबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "बांगडी मधी पोकळच असती, हे त्येला कुणी सांगावं?"

आणि मग बराच वेळ हसले. आई हसली नाही.

मी त्या साली मॅट्रिकला होतो. शाळा उर्दूतून, घर मराठीतून, आणि परीक्षेत इंग्रजी. आमच्या खोलीत लाखेच्या भट्टीचा धूर. तेव्हा एके दिवशी आबा बकरीला औषध आणायला दवाखान्यात गेले आणि बोलता बोलता म्हणाले, पोरगं धुरात वाचतंय, डोळे जायचे त्याचे. इब्राहिमसाहेब म्हणाले, "तो मेरे ओटे पर भेज देव." एवढ्यावर माझं आयुष्य बदललं. मोठ्या गोष्टी पुष्कळदा अशा बकरीच्या औषधातून निघतात.

साहेब मूळचे बीदरकडचे. उंच, किरकोळ, कानांवर पिकलेले केस. पत्नीच्या निधनानंतर एकटेच राहत. महायुद्धात सरकारी घोड्यांच्या दवाखान्यात नोकरी करून आले होते आणि येताना लष्कराने काढून टाकलेली एक फटफटी घेऊन आले होते. तिचा आवाज पूर्वी आला की पोरं वेशीपर्यंत पळत जायची. त्या वर्षी तो आवाज आला की दारं लागायची. रझाकारांच्या मोटारी आणि सलोत्र्याची फटफटी लांबून सारखीच वाजे. साहेबांनी ते ओळखलं होतं. गाव जवळ आलं की ते हॉर्न एका ठरावीक चालीवर वाजवत, म्हणजे लोकांना कळावं की बैलांचा डॉक्टर आलाय, माणसांचा कुणी नाही.

वैशाखात फटफटीच्या टाकीतून लाल पाणी यायला लागलं. साहेबांनी झाकण उघडून आरशाचा कवडसा आत पाडला आणि मला म्हणाले, "देख." मी डोळा लावला. आत वारुळासारखी तपकिरी खपली.

"अब इसका इलाज करना. घोड़े का पेट साफ करते वैसा."

त्या आठवड्याचं मला अजून सगळं आठवतं. ओढ्यातले गारगोटीचे बारके खडे आणि चिंचेचं घट्ट पाणी टाकीत भरून आम्ही दोघांनी आळीपाळीने ती हलवली. खळ्ळ, खळ्ळ. तांब्याची घागर चिंचेने उजळते तर लोखंड का नाही, असं त्यांचं म्हणणं. मग राखेचं पाणी, मग साधं पाणी, मग आतला ओलावा निघून जावा म्हणून दवाखान्यातलं थोडं स्पिरिट. आणि शेवटी आबांकडून मी आणलेली चपडी लाख. पातळ, मधाच्या रंगाची पापडी. ती साहेबांनी स्पिरिटमध्ये विरघळवली, टाकीत ओतली, आणि तिची सगळी तोंडं बुचाने बंद करून टाकी अशी हळूहळू कलती करत फिरवली की आतला कुठलाही कोपरा कोरडा राहू नये. उरलेली लाख ओतून काढली. टाकी दोन दिवस उन्हात उपडी ठेवली. पुन्हा एक थर. पुन्हा ऊन.

"ही लाख पेट्रोलमधी न्हाय का सुटायची?" आबांनी विचारलं. ते पारखायला म्हणून आले होते.

"नक्को फिकर करो कासारसाब. पेट्रोल में लाख नहीं पिघलती. फौज में बहोत देखा मैं."

आणि ते खरं होतं. बार्शीच्या पेट्रोलवर ती फटफटी जेवढे दिवस चालली तेवढे दिवस ते खरंच होतं. शेवटचा कवडसा आत पाडला तेव्हा टाकीचं पोट आतून सोन्यासारखं चमकलं. मी तोपर्यंत पुस्तकात विज्ञान वाचलं होतं. ते असं डोळ्याला लावून बघायचं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

मृग लागता लागता बार्शीकडून येणारं सगळंच बंद झालं. मीठ, रॉकेल, पेट्रोल. सरहद्दीवरून काही आणणं म्हणजे गुन्हा, आणि न आणणं म्हणजे उपास. फटफटी कोपऱ्यात उभी राहिली. आषाढात गुरांत फऱ्या सुरू झाला. पाय सुजून धडधाकट बैल एका रात्रीत आडवे होत होते. तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीतून दवाखान्यासाठी सरकारी पेट्रोलचा एक पत्र्याचा डबा आला. साहेबांनी तो टाकीत ओतला. वास निराळा होता; जरासा आंबूस, गोडसर. पण त्या दिवसांत वासाकडे कोण बघतो? ते लस घेऊन सरहद्दीजवळच्या एका गावाला गेले. पहिल्या दिवशी गेले आणि आले. दुसऱ्या दिवशीही. पुढच्या खेपेला परत येताना, बाभळींच्या वळणावर, फटफटी दोनदा खोकली आणि बंद पडली.

हे वळण वाईट होतं. कॅम्पातली पोरं तिथूनच येत-जात. निजामाचा नोकर, तोही मुसलमान, एकटा, बंद पडलेल्या फटफटीपाशी. साहेब ती तिथेच सोडून, लशीची पेटी छातीशी धरून, पावसात शेतांतून चालत आले. दिवेलागणीला ओट्यावर आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "क्या मियाँ, ज्योमेट्री हुई?" आणि मग त्यांचे दात वाजायला लागले.

सकाळी पोलिसांनी फटफटी बैलगाडीत घालून चावडीपुढे आणली. अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे अंमलदार, स्वतः हजर होते. पेट्रोलची नळी सोडवली तर आत तपकिरी, चिकट, ओढलं तर तार धरणारा गोळा. बघताक्षणी चावडीपुढच्या सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला. गूळ.

आता आमच्या भागात तपकिरी आणि चिकट काही दिसलं तर दुसरा शब्द कसा निघणार? घराघरात गुळाची ढेप. त्यात कॅम्पातल्या पोरांनी कुठल्याशा लॉरीच्या टाकीत गूळ घातला आणि ती जागीच मेली, ही गोष्ट महिनाभर गावोगाव फिरत होती. प्रत्यक्ष कुणी बघितली नव्हती, पण सांगताना जो तो लॉरीचा रंगसुद्धा सांगे. त्यामुळे गूळ म्हणताच पुढचं सगळं आपोआप ठरलं. कुणीतरी सलोत्र्याला बाभळींच्या वळणावर अडकवण्यासाठी हे केलं. टाकीत हात कुणाचा होता? कासाराच्या पोराचा. कासार कुठे कुठे फिरतो? सगळीकडे. बार्शीलासुद्धा.

मला आणि आबांना चावडीच्या आतल्या खांबापाशी बसवलं. इतकी वर्षं झाली, पण त्या खांबाच्या गाठी मी अजून बोटांनी काढून दाखवीन. समोर ओळखीची सगळी माणसं, आणि एकाचीही नजर आमच्याकडे नाही. ज्यांच्या लेकीसुनांचे हात आबांनी भरले होते ते आपल्याच जोड्यांकडे बघत होते. गूळ ठरला तर आम्हाला उस्मानाबादेला नेणार होते. तिकडे नेलेली माणसं केव्हा परततात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणी परतलेलं बघितलं नव्हतं.

आबांनी तो गोळा लांबूनच बघितला होता. "साहेब, ती लाख हाय. आमच्याच घरची. म्या जन्मभर हाताळली. गूळ असा चमकत न्हाय."

अमीनसाहेब हसले. "कासार की गवाही कासार के वास्ते. वाह!"

मग त्यांनी इब्राहिमसाहेबांना समोर बोलावलं आणि सगळ्यांसमक्ष विचारलं, "सलोत्रीसाहेब, आपको इस लड़के पर शक है?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. रोज सायंकाळी माझ्या वहीवर वाकणारा तो चेहरा. मी वाट बघत होतो की ते आता 'नाही' म्हणतील.

"है," ते म्हणाले.

आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"लड़के पर है," साहेब पुढे बोलत होते. "कासार पर है. मुझपर भी है, टाकी मैं खुद बंद किया. और यह गूळ है, इस बात पर तो सबसे जादा शक है. अमीनसाब, शक करना है तो पूरा करना. आधे शक से आदमी मरता है."

"मतलब?"

"मतलब देखेंगे. गूळ है तो चींटी आएगी. वाशी की चींटी गूळ छोड़ती क्या? पूछो इनको."

पहिल्यांदा त्या चावडीत कुणीतरी हसलं. ते मल्लूअप्पा होते, गुळाचे आडत्ये, कपाळभर भस्म लावलेले. "साहेब, आमची मुंगी लई शहाणी. ढेप दुकानात उतरायच्या आधी ही मोजून घेती." आणि लगेच उठून दुकानातून गुळाचा खडा घेऊनही आले. "घ्या. मात्र ह्येला मुंगी लागली न्हाय, तर माझ्या मालाची अब्रू गेली शिवा!"

चावडीच्या ओट्याच्या कडेला, छपराखाली, जिथून मुंग्यांची जुनी वाट जात होती, तिथे दोन कौलं ठेवली. एकावर नळीतला गोळा, दुसऱ्यावर मल्लूअप्पांचा गूळ. अर्धं गाव उकिडवं बसून मुंग्यांकडे बघायला लागलं. इतके दिवस एकमेकांकडे संशयाने बघणाऱ्या माणसांना बघायला काहीतरी मिळालं. थोड्या वेळात पहिली मुंगी आली, गुळावर चढली, उतरली, आणि निरोप घेऊन गेली. मग रांग लागली. गुळाचा खडा काळा झाला. दुसरं कौल कोरडं ते कोरडं.

"झालं की!" कुणीतरी म्हणालं.

अमीनसाहेब काही मूर्ख नव्हते. "पेट्रोल की बू है उसमें. चींटी क्या, कुत्ता भी न आए."

मला वाटलं आता संपलं. पण इब्राहिमसाहेबांचा चेहरा उजळला. एखाद्या विद्यार्थ्याने नेमका प्रश्न विचारावा आणि मास्तरांना बरं वाटावं, तसा. "बराबर बोले! यही शक मुझे भी था." त्यांनी तिसरं कौल मागवलं. टाकीत राहिलेलं पेट्रोल वाटीत काढलं, गुळाचा दुसरा खडा त्यात चांगला भिजवला, आणि तो नळीतल्या गोळ्याशेजारी ठेवला. म्हणजे आता दोघांनाही तोच वास. वास उडाला की दोघांचाही उडणार. मग मुंगी कुठे जाते ते बघायचं.

ती दुपार फार लांब होती. पाऊस येऊन गेला, पुन्हा आला. माणसं जेवून परत आली. मल्लूअप्पा अधूनमधून आपल्या खड्याला "येती रे, येती" असा धीर देत होते. खरं तर तो धीर आम्हाला असावा. मुंग्या भिजवलेल्या खड्याच्या जवळ येत, मिशा हलवत आणि वळसा घालून निघून जात. मी साहेबांकडे बघत नव्हतो. त्यांच्या त्या 'है'ने मी इतका दुखावलो होतो की त्यांची युक्ती फसली तर निदान त्यांनाही वाईट वाटेल, असाही एक विचार मनात येऊन गेला.

उन्हं कलताना एक मुंगी भिजवलेल्या खड्यावर चढली. उतरली नाही. मग दुसरी. मग वाट वळली. काळा दोरा सोडावा तशी ती रांग गोळ्याच्या अगदी कडेने गेली, त्याला शिवली नाही, आणि गुळावर चढली.

मल्लूअप्पांनी गुडघ्यावर थाप मारली. अमीनसाहेब वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी गोळा बोटावर घेतला, आणि नखाने दाबून बघितला. "तो लाख है."

"मेरी लाख है," इब्राहिमसाहेब म्हणाले. "मेरा इलाज कच्चा निकला. कसूर मेरा. लिख लेव."

ते एवढंच बोलले, आणि जे बोलले नाहीत ते मला पुढे कॉलेजात रसायन शिकताना कळलं. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. आम्हीच नाही का ती स्पिरिटमध्ये विरघळवली होती? पेट्रोल मिळेनासं झाल्यावर सरकारने त्यात मळीपासून काढलेलं स्पिरिट मिसळायला सुरुवात केली होती. डब्याचा तो आंबूस गोड वास त्याचा. टाकीच्या पोटातली लाख त्या सरकारी पेट्रोलनेच सुटली. साहेबांना हे त्याच दिवशी वासावरून उमगलं असणार. पण भर चावडीत सरकारच्या पेट्रोलवर बोट ठेवलं असतं तर आम्ही सुटलो असतो की सगळेच अडकलो असतो, कोण जाणे. त्यांनी कसूर आपल्या नावावर घेतली आणि सगळ्यांना घरी जाऊ दिलं.

मी पुढे बरेच दिवस ओट्यावर वाचायला गेलो नाही. शेवटी तेच आमच्या दाराशी आले. "क्या रे दिगू, रूठा क्या?"

"तुम्ही 'है' म्हणालात," मी म्हणालो.

"हौ, बोला. झूट बोलता क्या? टाकी में तेरा हाथ था, मेरा था. नहीं बोलता तो क्या होता? अमीन बोलता, सलोत्री लड़के को बचाता. फिर चींटी को कौन पूछता?" मग खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. आत तोच गोळा, सुकून टणक झालेला. "रख. जब किसी पर शक आए ना, इसको देखना."

भाद्रपदात हिंदी फौज आली आणि सारं उलटं झालं. अमीनसाहेब एका पहाटे गावातून नाहीसे झाले. आता पाठीला भिंत शोधायची पाळी दुसऱ्यांची होती. एका सकाळी काही माणसं दवाखान्यापुढे जमली. काही गावातली, काही बाहेरची. सलोत्र्याने आत बंदुका दडवल्यात, तो अमिनाचा माणूस, अशी बोलवा. साहेब आतच होते. मी धावत आबांना सांगायला गेलो तर आबा आधीच निघाले होते, डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन. ती त्यांनी दवाखान्याच्या उंबऱ्यावर आडवी ठेवली आणि तिच्यावर बसले.

"संशय हाय ना? असू द्या. पण पुरा घ्या," आबा म्हणाले. "एकजण आत चला माझ्यासंगं. फळी न् फळी बघा. बघितल्याबिगर कुणी दगड उचलायचा न्हाय. आन् पेटीला धक्का लागला तर तुमच्याच बायकांच्या बांगड्या फुटत्याल, मग घरला जाऊन सांगा त्यांना."

सणासुदीच्या तोंडावर बांगडी फुटणं कुणाला परवडणार? एकजण आत गेला. मल्लूअप्पाही मागोमाग गेले. इनॅमलच्या थाळ्या, सुया, लशीच्या रिकाम्या बाटल्या, कोपऱ्यात टाकी उतरवलेली फटफटी. आणि खाटेवर बसलेला एक माणूस, हातात माझी भूमितीची वही घेतलेला. बाहेर येऊन मल्लूअप्पा म्हणाले, "बंदूक न्हाय. कंपासपेटी हाय." लोक पांगले.

साहेबांचा तो 'पूरा' शब्द आबांनी चावडीवर ऐकला होता. मी रुसण्यात घालवलेले दिवस त्यांनी तो समजून घेण्यात घालवले असावेत.

साहेब पुढे बीदरला आपल्या गावी गेले. मी सोलापूरच्या कॉलेजात गेलो. गल्लीतल्या गॅरेजवाल्याची टाकी आता वाळली आहे. काल सायंकाळी तो बॅटरी घेऊन आला होता, "या काका, बघा आत," म्हणून. गेलो, डोळा लावला. आत करडा, गुळगुळीत थर. चांगला होता. "पेट्रोलची चौकशी केली," तो मग जरा ओशाळून म्हणाला. "कंपनीच्या माणसाला विचारून घेतलं, कसलंही चालतं म्हणतो. तरी वाळलेलं थोडं औषध पेट्रोलच्या बाटलीत भिजत घातलंय, बघू." मला त्या पोराचा फार अभिमान वाटला. माझा तो कुणी नव्हे.

पदवीचा निकाल लागला त्या दिवशी मी साहेबांना पत्र लिहिलं. ते उर्दूत होतं. आता माझं उर्दू गंजलं आहे, पण त्यातलं अक्षर न् अक्षर मला पाठ आहे. मराठीत ते असं होईल:

"आदरणीय इब्राहिमसाहेबांस दिगंबराचा सविनय आदाब.

आपल्या आशीर्वादाने मी बी. एस्सी. उत्तीर्ण झालो. विषय रसायन. आबांनी गावात गूळ वाटला. तो अर्थातच मल्लूअप्पांच्या दुकानचा. आपण इथे नाही, म्हणून आईने आपल्या वाटणीचा खडा देवापुढे ठेवला आहे.

आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच तासाला सांगितलं की कुठलीही गोष्ट सिद्ध करायची तर दुसरी तिच्याशेजारी ठेवावी, आणि दोन्हींना सारखं वागवावं. वर्गाने ते वहीत उतरून घेतलं. मी घेतलं नाही. मला तिसरं कौल आठवलं.

चावडीवर आपण माझ्याबद्दल 'है' म्हणालात. त्या एका शब्दावर मी पुष्कळ दिवस रागावलो होतो. नंतर पुष्कळ लोक भेटले. काहींनी न बघता माझ्यावर विश्वास टाकला, काहींनी न बघता संशय घेतला. बघून विश्वास टाकणारे आपण एकटेच. म्हणून हे पत्र सर्वांत आधी आपल्याला.

आपण दिलेला गोळा माझ्या वसतिगृहातल्या खिडकीत असतो. खिडकीखालून मुंग्यांची वाट जाते. त्यावर अजून एकही मुंगी आलेली नाही. तरी दर पावसाळ्यात मी रोज बघतो.

आपला,
दिगू"